काच बंद ठेवा, भाऊ

मे महिन्यातली दुपार, दोनचा सुमार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका उघड्या कोळसा खाणीत मी डंपरच्या शिडीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. पायरी तव्यासारखी तापली होती. माझ्यापुढे चढलेल्या एसी मेकॅनिकने हाताला दुपट्टा गुंडाळला होता. वर पोचल्यावर त्याने तो सोडून माझ्याकडे खाली टाकला. "घ्या जी. उन्हाळ्यात मोकळ्या हातानं इथं कोणी चढत नाही."

वर केबिनचं दार तारेने मागे बांधून ठेवलेलं होतं. दोन्ही काचा खाली. सीटच्या पाठीवर ओला गोणपाट टाकलेला, तोही वाळून कडक झालेला. डॅशबोर्डवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. ऑपरेटर तिशीतला मुलगा, तोंडाला दुपट्टा, चेहरा डोळ्यांपुरताच उघडा. म्हणाला, "थंडा येतच नाही दादा. गॅस गेला असन. मागच्या महिन्यात भरला होता, त्याच्या आधी होळीच्या वेळी."

मेकॅनिकने गेजचा डबा उघडला नाही. आधी विचारलं, "दार कायले बांधलं?"

"आत बसवत नाही ना. भट्टी होते."

एसी बंद म्हणून दार उघडं, दार उघडं म्हणून धूळ आत, आणि धूळ आत म्हणून एसी बंद. या फेऱ्यात खाणीतली, रस्त्याच्या कामावरची, उसाच्या फडातली किती यंत्रं अडकली आहेत ते पाहत मी दोन उन्हाळे फिरलो. या कामाबद्दल मला तटस्थपणे लिहिता येणार नाही. माझे वडील याच पट्ट्यात डोझर चालवत. त्यांच्या काळच्या डोझरला केबिन म्हणजे वर पत्रा आणि चार खांब. ते घरी आले की आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. पहिलं पाणी काळं निघायचं, दुसरं करडं, आणि तिसऱ्या पाण्यानंतर घरातल्या बाकीच्या कपड्यांची पाळी यायची. आज ते पंच्याहत्तरीला आले आहेत. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबतात. दवाखान्याच्या कागदावर "धुळीचा त्रास" एवढेच दोन शब्द आहेत.

*

चंद्रपूरचा उन्हाळा महाराष्ट्राला बातम्यांतून माहीत आहे. पारा ४५ च्या वर जातो आणि आठवडाभर तिथेच बसतो, वाईट वर्षी ४७-४८ सुद्धा गाठतो. हे आकडे सावलीतले. खाणीच्या तळाशी काळ्या कोळशाच्या भिंतीत तीन बाजूंनी कोंडलेल्या, चारी अंगांनी काच असलेल्या लोखंडी पेटीत काय होत असेल याची कल्पना यायला उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत पाच मिनिटं काच लावून बसून पाहावं. इथे त्यात मागच्या इंजिनाची आणि पायाखालच्या गरम तेलाची भर पडते.

पण उष्णता हा त्या केबिनमधला मोठा शत्रू नव्हे, असं मला आता वाटतं. उष्णतेचा त्रास लगेच कळतो. माणूस पाणी पितो, सावलीला जातो, आरडाओरडा करतो. धुळीचा त्रास वीस वर्षांनी कळतो.

वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकार थरांत आहे आणि त्याच्यावर ठिकठिकाणी कामठी वालुकाश्माचे थर आहेत. कोळशापर्यंत पोचायचं तर आधी हा दगड फोडून बाजूला टाकावा लागतो. खाणीच्या भाषेत या कामाला 'ओबी' काढणं म्हणतात. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजेच सिलिका. ड्रिलने भोक पाडताना, सुरुंग उडाल्यावर, डंपरच्या चाकाखाली तो पुन्हा पुन्हा भरडला जातो. डोळ्याला दिसणारी धूळ नाकात, घशात अडकते, थुंकीतून बाहेर पडते. जी दिसत नाही, ज्या कणांची जाडी केसाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी असते, ती धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथेच राहते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात, आणि त्यावर उपाय नाही. एकदा फुप्फुसाला पडलेले व्रण पुन्हा मऊ होत नाहीत.

बंद केबिन या धुळीला अडवते. आत फिल्टरमधून गाळलेली हवा पंखा सतत ढकलत असतो, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो. दाराला बारीक फट असली तरी हवा आतून बाहेर जाते आणि बाहेरची धूळ आत शिरत नाही. ही सगळी रचना एका अटीवर चालते, ती म्हणजे माणसाने दार लावून बसलं पाहिजे. आणि ४६ अंशांत दार लावून बसायचं तर एसी चालू हवा. म्हणून मी म्हणतो की केबिनचा एसी हे श्वास वाचवण्याचं साधन आहे. थंडावा त्याच्या ओघाने येतो.

अमेरिकेतल्या नायोश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संशोधन संस्थेने खाणीतल्या ड्रिल यंत्राच्या केबिनमध्ये धूळ मोजली. दार बंद असताना आत घनमीटरमागे ०.०९ मिलिग्रॅम श्वसनीय धूळ होती. नवा दांडा जोडताना ऑपरेटर थोडा वेळ दार उघडायचा, तेव्हा ती ०.८१ मिलिग्रॅम भरली. नऊपट! आणि हे ड्रिल थांबलेलं असताना, धूळ बसली असं डोळ्याला वाटत असताना. आमच्या डंपरचं दार तर आठ तासांच्या पाळीत आठही तास तारेने बांधलेलं.

विदर्भाबद्दल इथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे घरोघरी कुलर. खिडकीला टेकवलेला, वाळ्याचा नाहीतर गवताचा, संध्याकाळी पाणी भरायचा. कुलर चालवायचा तर समोरची खिडकी थोडी उघडी लागते, नाहीतर घरात दमट कोंदट होतं. ही सवय लहानपणापासून अंगात भिनलेली असते. त्यामुळे एसी चांगला चालत असतानाही कितीतरी ऑपरेटर काच चार बोटं खाली ठेवतात. विचारलं की म्हणतात, "हवा खेळली पाह्यजे ना." त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की एसीचा हिशेब कुलरच्या नेमका उलटा असतो. यंत्र हाती देताना गिअर शिकवतात, ब्रेक शिकवतात, बकेट शिकवतात. केबिनमधली हवा कशी सांभाळायची हे कोणी शिकवत नाही.

*

मेकॅनिक खाली उतरला आणि डंपरच्या तोंडाशी गेला. जाळीतून पाहिलं तर कंडेन्सर बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता. ऑपरेटर म्हणाला, "रोज हवा मारतो ना मी." त्याचं खरं होतं. मेकॅनिकने चार बोल्ट काढले आणि कंडेन्सर पुढे कलता केला. त्याच्या आणि मागच्या रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत करडा-काळा नमदा तयार झाला होता. कोळशाची भुकटी, दगडाची धूळ, इंजिनातून उडणारं तेल, सगळं एकजीव होऊन दाबून बसलेलं. त्याने पट्टीने खरवडलं तेव्हा कपड्याच्या तुकड्यासारखं सोलून निघालं.

"पुढून हवा मारली का कचरा मधात जाऊन बसते," तो म्हणाला. "पंखा हवा जिकडून ओढते, त्याच्या उलट्या बाजूनं मारा लागते."

या एका वाक्यात काय आहे ते समजायला एसीचं काम थोडं उलगडावं लागेल. यंत्रातल्या एसीत साधारण आर-१३४ए नावाचा वायू असतो. मोकळ्या हवेत तो उणे २६ अंशांना उकळतो. केबिनमधल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याला तीस पीएसआयच्या आसपास दाबावर ठेवलं की तो शून्याच्या जरा वर उकळतो, आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून घेतो. ही घेतलेली उष्णता बाहेर टाकायची कुठे, हा खरा प्रश्न. बाहेर ४६ अंश. उष्णता गरमाकडून थंडाकडेच जाते, म्हणून वायू बाहेरच्या हवेपेक्षा गरम करावा लागतो. कॉम्प्रेसर त्याला अडीचशे पीएसआयपर्यंत दाबतो, तेव्हा तो साठ-पासष्ट अंशांना पुन्हा द्रव व्हायला लागतो. त्या पासष्टापुढे ४६ अंशांची हवासुद्धा गार ठरते. कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांमधून ती हवा भरपूर फिरली तर वायू द्रव होतो आणि चक्र चालू राहतं.

हवा फिरली नाही तर उष्णता बाहेर पडत नाही आणि दाब चढत जातो. मर्यादा ओलांडली की एक छोटा स्विच कॉम्प्रेसरचा क्लच सोडून देतो. वायू थोडा निवतो, क्लच पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो. ऑपरेटरला एवढंच कळतं की थंड येईनासं झालं. तो चौकातल्या दुकानदाराला बोलावतो. दुकानदाराकडे एक सिलिंडर, एक नळी आणि एक उत्तर असतं: गॅस कमी झाला. तो गॅस भरतो. आधीच चढलेला दाब आणखी चढतो.

त्या दुपारी मेकॅनिकने रिकव्हरी मशीन लावलं, सगळा वायू रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढला आणि वजनकाट्यावर ठेवला. बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलं होतं एक किलो दोनशे ग्रॅम. काट्यावर आलं एक किलो सातशे. अर्धा किलो जास्त! होळीपासून दोनदा पैसे देऊन त्या डंपरचा एसी बिघडवून घेतला होता. मला राग आला तो त्या दुकानदाराचा नव्हे. त्याला वजन करून गॅस भरायला कोणी शिकवलं नाही, आणि बिल देणाऱ्या कुणीही विचारलं नाही की गॅस कमी झाला तर तो गेला कुठे.

हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. एसीतला वायू डिझेलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षाकाठी थोडा झिरपतो, पण महिन्यात कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

गळती शोधायला वेळ लागतो. शेजारच्या शेडमध्ये एक पोकलेन उभी होती. (पोकलेन हे मूळ फ्रेंच कंपनीचं नाव. आमच्याकडे ते एक्स्कॅव्हेटर या जातीचंच नाव झालं, आणि तिला मराठीत स्त्रीलिंग मिळालं.) तिचा एसी दर पंधरा दिवसांनी रिकामा होत होता. मेकॅनिकने तिच्यात नायट्रोजन भरला आणि गेजचे काटे खडूने खुणावून ठेवले. साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून एकेक सांधा रंगवत गेला. कॉम्प्रेसर ठीक, ड्रायर ठीक. तासाभराने केबिनच्या मागे, नळी जिथे पत्र्याच्या कडेवर घासत होती तिथे, मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. तिथे रबराची एक क्लिप होती, ती कधीतरी पडली आणि कोणी पुन्हा लावली नाही. यंत्राच्या थरथराटाने नळी महिनोन्‌महिने घासत राहिली.

शेडमध्ये हवा मारायचा मोठा कॉम्प्रेसर असताना नायट्रोजनच का, असं मी विचारलं. आर-१३४ए आणि हवा दाबाखाली एकत्र आली तर मिश्रण पेट घेऊ शकतं, शिवाय हवेबरोबर पाणी आत जातं. पाणी हा या यंत्रणेचा जुना वैरी. आतलं तेल ते शोषून घेतं, त्यातून आम्ल तयार होतं, धातू खातं. एक्सपान्शन वॉल्व्हच्या सुईएवढ्या भोकात त्याचा बर्फ होतो आणि वाट बंद. म्हणून गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावतात. आतला दाब इतका खाली नेतात की साध्या हवेच्या उष्णतेतच पाणी उकळून वाफ होऊन बाहेर जातं. अर्धा तास पंप चालवायचा, मग बंद करून काटा हलतो का ते पाहत बसायचं. चौकातल्या दुकानात हा अर्धा तास वाचवतात. "मालक बोंबलते ना," मेकॅनिक म्हणाला. "गाडी उभी हाये म्हणून."

स्वस्त सिलिंडरचीही एक गोष्ट सांगायला हवी. २०११ मध्ये समुद्रावरून मालाची ने-आण करणाऱ्या शीतपेट्यांचे कॉम्प्रेसर दुरुस्तीच्या वेळी फुटले आणि कामगार मेले. व्हिएतनाममध्ये भरलेल्या वायूत भेसळ होती. आर-१३४एच्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेलं. ते ॲल्युमिनियमशी संयोग पावून असं रसायन तयार करतं जे हवा लागताच पेटतं. आपल्या कंडेन्सरच्या नळ्या ॲल्युमिनियमच्याच असतात. म्हणून निम्म्या किमतीचं सिलिंडर दिसलं की मेकॅनिक ते हातातही घेत नाही.

आणि वायू हवेत सोडून द्यायची पद्धत. नळीचं तोंड उघडायचं, सुस्सकन आवाज, काम झालं. आर-१३४एने ओझोनला धक्का लागत नाही. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर आर-१२ हटवून तो आणला गेला तो त्याचसाठी. पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० किलोंइतकी पृथ्वी तापवतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं, भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली आणि आपली कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. तोवर त्या सुस्सकन आवाजाचा हिशेब आपल्याच उन्हाळ्यांना चुकवायचा आहे. रिकव्हरी मशीन असलेली वर्कशॉपं मला दोन उन्हाळ्यांत बोटांवर मोजण्याइतकी दिसली.

*

कंडेन्सर, नळ्या, वायू हे मेकॅनिकचं काम. फिल्टर मात्र ऑपरेटरच्या हातातला असतो, आणि सगळ्यात जास्त हयगय तिथेच होते.

बहुतेक केबिनना दोन फिल्टर असतात. एक बाहेरून येणाऱ्या हवेचा, दुसरा केबिनमध्येच फिरणाऱ्या हवेचा. दुसरा सीटच्या मागे किंवा पायाशी असतो, आणि तो आहे हेच अनेकांना माहीत नसतं. पहिला खाणीत आठवड्याभरात भरतो. भरला की हवेचा झोत कमी होतो. मग तो काढून टायरवर आपटायचा, म्हणजे कागदाच्या घड्या फाटतात. किंवा नळी लावून जोरात हवा मारायची, म्हणजे भोकं पडतात. ती डोळ्याला दिसत नाहीत, पण फिल्टर जे कण अडवायला बसवलेला असतो नेमके तेच कण त्यातून जातात. शेवटचा उपाय म्हणजे फिल्टर काढून फेकून द्यायचा. झोत एकदम जोरदार येतो, ऑपरेटर खूश. महिन्या-दोन महिन्यांत धूळ ओल्या कूलिंग कॉइलवर बसून चिखल होतो, आणि मग सीट, डॅशबोर्ड, अर्धी केबिन उकलून कॉइल बाहेर काढावी लागते. फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च. त्या अवधीत ऑपरेटरच्या छातीत काय गेलं ते कुठल्याच बिलात येत नाही.

मेकॅनिकने फिल्टर कसा साफ करायचा ते करून दाखवलं. कमी दाबाची हवा, आतल्या बाजूने बाहेर, नळी वीतभर लांब धरून. मग आत बल्ब धरून उजेडात फिरवायचा. कुठे ठिपका चमकला तर फिल्टर टाकून द्यायचा. दाराचं रबर महिन्यातून एकदा हाताने चाचपायचं. वायर आणि नळ्या आत येतात त्या भोकांचे बूच पाहायचे. पाणी निचरायची नळी तुंबली का तेही पाहायचं, नाहीतर ऑपरेटरच्या पायावर गळतं आणि तो ती नळी कापून टाकतो. हिवाळ्यात आणि पावसाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवायचा, कारण तेल फिरलं नाही तर कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील कोरडं पडतं आणि मार्चमध्ये पहिल्याच दिवशी गॅस नसतो.

सगळं धरून आठवड्याला अर्धा तास. हा अर्धा तास का मिळत नाही?

मी ज्या ज्या ठिकाणी गेलो तिथल्या लॉगबुकांमध्ये पाहिलं. ब्रेकला, स्टिअरिंगला, हायड्रॉलिकला रकाने होते. एसीला रकाना क्वचित होता. एका ठेकेदाराच्या वर्कशॉपच्या फोरमनने मोकळेपणाने सांगितलं, "एसी गेला तरी गाडी चालते. गाडी चालते तर ब्रेकडाउन नाही. ब्रेकडाउन नाही तर मी ती उभी कशी करू?" त्याची अडचण मला समजते. तरीही मी हे मान्य करणार नाही. ज्या डंपरचा ब्रेक लागत नाही तो कोणी फेरीवर सोडत नाही, कारण तो त्याच दिवशी कोणाला तरी मारेल. ज्याची केबिन धूळ अडवत नाही तो डंपरही माणूस मारतो. त्याला वीस वर्षं लागतात, तोवर ठेकेदार बदललेला असतो, आणि घरच्या दवाखान्याच्या कागदावर दोन शब्द उरतात.

*

खाणीबाहेरही फार वेगळं नाही. रस्त्याच्या कामावरच्या कित्येक जेसीबींना आजही एसी नाही, वर नुसतं छत. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या तोडणीला हार्वेस्टर आले. तिथे धुळीऐवजी पाचट. उसाची कोरडी पानं रेडिएटरच्या जाळीला अशी चिकटतात की दिवसातून तीन-चारदा यंत्र थांबवून झाडावी लागतात, नाहीतर एसीच्या आधी इंजिनच तापतं. त्यामुळे गंमत अशी की हार्वेस्टरवाले कंडेन्सर स्वच्छ ठेवतात. इंजिनाच्या काळजीपोटी माणसाचीही काळजी घेतली जाते.

ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा करण्याचा नियम आला आणि २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांना तो लागू झाला. केंद्रातले रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी नागपूरचे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर ट्रक चालवणं काय असतं हे त्यांना सांगावं लागलं नसणार. नियम चांगला आहे, मनापासून स्वागत करावं असा आहे. पण कारखान्यातून निघताना एसी बसवलेला असणं आणि पाचव्या उन्हाळ्यात तो चालू असणं यांच्यामध्ये जाळी, फिल्टर, रबर, वजनकाटा आणि अर्ध्या तासाचा व्हॅक्यूम आहे. ते कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही.

*

संध्याकाळी सहाला पहिल्या डंपरचं काम संपलं. मधला नमदा काढून कंडेन्सर आतून बाहेर धुतला, वाकलेल्या पत्र्या कंगव्याने सरळ केल्या, व्हॅक्यूम ओढला, काट्यावर मोजून एक किलो दोनशे ग्रॅम भरलं. मोठ्या दाबाचा काटा दुपारी चारशेच्या जवळ जाऊन क्लच सोडत होता, आता दोनशे साठच्या आसपास स्थिर राहिला. झरोक्यात खुपसलेला थर्मामीटर चौदावर आला. मेकॅनिकने नवा फिल्टर बसवला आणि दाराची तार पकडीने तोडून खाली फेकली.

मग त्याने वहीच्या पानाची बोटभर रुंद पट्टी फाडली, दार लावलं, पंखा पूर्ण केला आणि बाहेर उभा राहून ती पट्टी फटींवरून फिरवली. वरच्या कडेला पट्टी बाहेर फडफडली. मागच्या कडेलाही. खाली बिजागरीपाशी मात्र निपचित लोंबत राहिली. तिथलं रबर हातभर गायब होतं. स्टोअरमध्ये ते नव्हतं. भंगारात उभ्या असलेल्या एका डंपरच्या दाराचं त्याने कापून आणलं आणि चिकटवलं. पुन्हा पट्टी धरली. फडफडली.

"आता काच खाली करू नको भाऊ," तो ऑपरेटरला म्हणाला. "घामानं जीव गेला तरी करू नको. मले फोन कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेलो. डंपर फेरीच्या रांगेत उभा होता, काचा वर. आत ऑपरेटर तोंडावरचा दुपट्टा काढून मांडीवर डबा घेऊन बसला होता. पोळी आणि वांग्याची भाजी. मला पाहून त्याने दार उघडायला हात नेला, मग थांबला आणि काचेआडूनच हात हलवला.

घरी आल्यावर हे वडिलांना सांगितलं. कंडेन्सरचं, वजनकाट्याचं, पट्टीचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दाब-बिब काही विचारलं नाही. बराच वेळ खाटेवर तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "आतच जेवला का तो?"

"हो."

"दात करकरले नसन त्याचे."